सुपारी आणि तिकीट

सोलापूर जिल्ह्यात वाद्यांचा आवाज कमी पडतो, अशी तक्रार आजवर कोणी केलेली नाही. सिद्धेश्वराच्या गड्ड्यापासून एखाद्या वाडीच्या जत्रेपर्यंत आणि गणपतीच्या आगमनापासून नवरदेवाच्या परण्यापर्यंत, वर्षातले फारच थोडे दिवस असे असतील की ज्या दिवशी या जिल्ह्यात कोठे ना कोठे काही वाजत नाही. हलगी कडाडते, ताशा वाजतो, बँजो पार्टी येते, बँडवाले येतात, आणि या सर्वांना गिळून टाकणारी डॉल्बी तर येतेच येते. असे असूनही आम्ही आमच्या वाचकांना एक साधा प्रश्न विचारू इच्छितो. गेल्या वर्षभरात आपल्यापैकी किती जण, आपल्याच जिल्ह्यातील वादक-गायकांचा एखादा संच कोठे वाजविणार आहे याची चौकशी करून, सायंकाळी घरातून निघाले, पदरचे पैसे देऊन तिकीट काढून आत गेले आणि दोन तास स्वस्थ बसून ऐकून परत आले? शाळेच्या वर्गात हा प्रश्न विचारला असता, तर वर झालेले हात मोजावयास एका हाताची बोटे पुरली असती. वाजते पुष्कळ आणि ऐकले जाते थोडे, अशी ही अवस्था आहे. ती केवळ अभिरुचीची बाब नसून जिल्ह्यातील हजारो कलावंतांच्या पोटाशी आणि त्याहूनही अधिक त्यांच्या मानाशी निगडित आहे. म्हणूनच तिचा विचार आज आम्ही पहिल्या पानावर करीत आहोत.

अलीकडे तरुणांच्या तोंडी 'स्वतंत्र बँड' हा शब्द चांगलाच रुळला आहे. चार-पाच जणांनी एकत्र यावे, चित्रपटसृष्टीचा किंवा ध्वनिमुद्रणाच्या बड्या व्यापाऱ्यांचा आश्रय न शोधता आपले शब्द आपणच लिहावेत, चाल आपणच बांधावी आणि ती श्रोत्यांसमोर प्रत्यक्ष सादर करावी, असा त्याचा अर्थ. पुण्यात २०१० साली सुरू झालेल्या 'एनएच७ वीकेंडर' या महोत्सवाने अशा संचांना मोठे व्यासपीठ दिले, आणि तेव्हापासून हा प्रकार म्हणजे महानगरातील इंग्रजी शिकलेल्या मुलांची हौस, अशी एक समजूत दृढ होऊन बसली आहे. ही समजूत सोलापूरकरांनी तरी बाळगण्याचे कारण नाही. शाहीर राम जोशी याच सोलापूरचे. विद्वान ब्राह्मण घराण्यातला हा मुलगा तमाशाच्या फडात रमला म्हणून भावाने त्याला घराबाहेर काढले, अशी कथा परंपरेने सांगत आली आहे. त्यांच्या जीवनावर १९४७ साली निघालेल्या 'लोकशाहीर राम जोशी' या चित्रपटाने ती घरोघर पोहोचविली. स्वतः रचावे, स्वतः गावे आणि आपल्या ढोलकी-तुणतुण्याच्या साथीदारांसह गावोगाव श्रोत्यांना सामोरे जावे, याला स्वतंत्र संच म्हणावयाचे नाही तर कशाला म्हणावयाचे? पुढे याच जिल्ह्यातील बार्शीने अमर शेखांसारखा शाहीर दिला. १९४४ साली अण्णा भाऊ साठे व द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी उभे केलेले लाल बावटा कलापथक हेही आपलेच शब्द आपल्याच आवाजात गाणारे होते. नाव नवे असेल. वस्तू आपल्या घरची आहे.

मग अडले कोठे? याचे उत्तर शोधण्यासाठी आम्ही वाचकांना जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, माळशिरस तालुक्यातील श्रीपूरला घेऊन जाऊ इच्छितो. १९३० च्या दशकात चंद्रशेखर आगाशे यांच्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटचा साखर कारखाना येथे उभा राहिला आणि त्याच्याभोवती हे गाव वाढले. पुढे पांडुरंग सहकारी साखर कारखान्याचे नाव श्रीपूरशी जोडले गेले, आणि आता महाळुंग-श्रीपूर अशी संयुक्त नगरपंचायत तेथे आहे. श्रीपूरसारखे ठिकाण धड खेडे नसते आणि धड शहरही नसते. तेथे महिन्याचा पगार घेणारा कामगार आहे, शिक्षक आहे, व्यापारी आहे, ऊस पिकविणारा बागाईतदार आहे आणि महाविद्यालयात जाणारी त्यांची मुले आहेत. गळिताच्या हंगामात बाहेरगावचे ऊसतोड मजूर येतात ते वेगळेच. हाती थोडा पैसा, सायंकाळी थोडी फुरसत आणि कानांना लय ओळखण्याची उपजत सवय, या तिन्ही गोष्टी जेथे एकत्र आहेत, तेथे महिन्यातून एका रात्री स्थानिक संचांनी वाजवावे आणि लोकांनी तिकीट काढून ऐकावे, याहून स्वाभाविक काय असू शकेल? परंतु अशा गावातील एखाद्या पोराच्या बोटांत कला असली, तर त्याच्यापुढे आज दोनच वाटा असतात. एक तर त्याने भ्रमणध्वनीवर चित्रफिती टाकून नशिबाची वाट पाहावी, नाही तर सुपारी घ्यावी.

सुपारी या शब्दाचा अर्थ या भागात कोणास समजावून सांगण्याची गरज नाही. कार्यक्रम ठरला की विसार द्यावयाचा, आणि ठरल्या दिवशी वादकांनी हजर व्हावयाचे. बँड, बँजो, हलगीचे पथक, हंगामी तमाशाचा फड या सर्वांचा संसार सुपारीवर चालतो. सुपारीत काही पाप आहे असे आमचे म्हणणे मुळीच नाही. ती रोजीरोटी आहे, आणि जो घाम गाळून पोट भरतो त्याला नाके मुरडण्याचा अधिकार कोणासही नाही. पण सुपारीचा एक स्वभाव आहे, तो ध्यानात घेतला पाहिजे. सुपारीत पैसे देणारा एक असतो आणि ऐकणारे वेगळे असतात. पैसे देणाऱ्याला मिरवणूक हवी असते, संगीत नव्हे. वादकाने काय वाजवावे हे तो ठरवितो, किती वेळ वाजवावे हे तो ठरवितो, आणि त्याची मागणी बहुधा त्या वर्षी गाजत असलेल्या चित्रपटगीताचीच असते. ज्याला वीस वर्षे क्लॅरोनेट फुंकून राग आणि लय यांची जाण आली आहे, तोही वरातीपुढे तेच एक गाणे रात्री दहा वेळा वाजवितो. पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीत ज्या प्रभात ब्रास बँडकडे लोक कान देऊन ऐकतात, त्याच्याशी सोलापूरकर हेच आडनाव जोडलेले आहे. पण असे कान देऊन ऐकले जाण्याचे भाग्य किती बँडवाल्यांना लाभते? बाकीच्यांचे वादन हे नवरदेवाच्या घोड्यासारखेच भाड्याने आणलेले असते.

सुपारीपलीकडचा दुसरा प्रकार म्हणजे दौलतजादा. तेथे पैसे देणारा समोरच बसलेला असतो हे खरे. पण त्याचे लक्ष गाण्यापेक्षा आपण उधळलेली नोट चारचौघांनी पाहिली की नाही याकडे अधिक असते. सुपारीत कलावंत हुकमाचा बांधील, दौलतजादेत तो लहरीचा बांधील. तिसरा प्रकार तिकिटाचा. तिकीट काढणारा मनुष्य दारातच आपले कर्तव्य पुरे करतो. आत गेल्यावर त्याने कलावंताला हुकूम सोडावयाचा नसतो आणि कलावंतानेही त्याच्यापुढे हात पसरावयाचा नसतो. दोघे एकमेकांचे समान होतात. एकाने मन लावून वाजवावे, दुसऱ्याने मन लावून ऐकावे. आवडले तर पुन्हा यावे, न आवडले तर येऊ नये. कलावंताचे स्वातंत्र्य ज्याला म्हणतात, ते याहून वेगळे काही नाही. स्वतंत्र बँडला 'स्वतंत्र' हे विशेषण त्याच्या शब्दांमुळे किंवा वेषामुळे लागत नाही, तर तो तिकिटावर जगतो किंवा जगू पाहतो म्हणून लागते.

ही गोष्ट आमच्या लोककलावंतांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. तमाशातील मोठे फड तंबू ठोकून तिकिटावर खेळ करीत आले, आणि लहान फड जत्रेच्या सुपारीवर राहिले. आपला तंबू, आपले तिकीट हे फडमालकाच्या प्रतिष्ठेचे लक्षण मानले गेले. संगीत बारी हा प्रकार तर या दृष्टीने अभ्यास करण्यासारखा आहे. 'बारी' म्हणजे पाळी. एकाच थिएटरात अनेक पार्ट्या राहतात; प्रत्येकीच्या गाणाऱ्या, नाचणाऱ्या, पेटी-तबला-ढोलकी वाजविणारे निराळे; आणि तिकीट काढून बसलेल्या श्रोत्यांपुढे त्या आपापल्या पाळीने येऊन आपली कला मांडतात. आपल्या जिल्ह्यात मोडनिंबच्या कलाकेंद्रांमुळे ही व्यवस्था सर्वांच्या परिचयाची आहे. एका रात्रीत चार-पाच स्वतंत्र संच ऐकण्याची जी पद्धत विलायतेतून आली असे आमचे तरुण समजतात, ती पुणे-सोलापूर रस्त्याच्या कडेला कधीपासून नांदत होती! मात्र तिच्याभोवती खासगी बैठकीची आणि दौलतजादेची छाया पडली, सुशिक्षित कुटुंबांनी तिकडे पाठ फिरविली, आणि गाण्याचा आस्वाद घेणारा श्रोता गेल्यावर उरले ते केवळ गिऱ्हाईक.

ही पाठ पुन्हा वळविता येते, हे श्रीपूरच्या शेजारच्याच अकलूजने दाखवून दिले. सहकारमहर्षी शंकरराव मोहिते-पाटील यांच्या स्मरणार्थ १९९३ साली तेथे राज्यस्तरीय लावणी स्पर्धा सुरू झाली. त्या स्पर्धेने केले काय? नवा सूर शोधला नाही की नवे वाद्य आणले नाही. तिने पार्ट्यांना एक ठरलेले ठिकाण, ठरलेला काळ, काही नियम आणि जाणकार परीक्षक दिले. आणि मुख्य म्हणजे समोर असा श्रोतृवर्ग बसविला की ज्यात स्त्रियाही निःसंकोच बसू शकल्या. लावणी ही पुरुषांनी चोरून पाहावयाची वस्तू आहे, हा समज मोडण्यास अकलूजच्या त्या मंचाने मोठा हातभार लावला, यात शंका नाही. यानंतर भूषण कोरगावकर यांचे 'संगीत बारी' हे पुस्तक २०१४ साली आले. त्यावरून सावित्री मेधातुल यांच्या दिग्दर्शनाखाली रंगमंचीय प्रयोगही झाला, आणि शहरातील सुशिक्षितांनी शकुंतलाबाई नगरकरांसारख्या कलावतीची अदा नाट्यगृहात तिकीट काढून पाहिली. कलावती त्याच होत्या. बदलली ती बैठक, आणि बैठक बदलताच मान बदलला.

येथे आम्हांस एक अप्रिय गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे. हलगी लोप पावत चालली, घुमक्याचा आणि कैताळाचा आवाज ऐकू येत नाही, असे उसासे हल्ली आमच्या सभा-संमेलनांतून पुष्कळ ऐकावयास मिळतात. पण ही वाद्ये कोण वाजवीत होते आणि त्यांना गावाने काय दिले, याची आठवण उसासे टाकणाऱ्यांना क्वचितच होते. गावकीतील वाजविणे हे काही जातींच्या वाट्याला आलेले वतनाचे काम होते. लग्न पाटलाचे असो की मयत सावकाराची असो, त्यांनी वाजवावयाचे. मोबदला म्हणून सुगीला खळ्यावर पसा-मूठ धान्य घ्यावयाचे. आणि जेवणाची पंगत बसली की मांडवाबाहेर थांबावयाचे. ज्या हलगीवाचून देव उठत नव्हता, त्या हलगीवाल्याला देवळाची पायरी चढता येत नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हाकेनंतर अनेकांनी गावकीची अपमानास्पद कामे टाकून दिली आणि कित्येक ठिकाणी त्यांबरोबर वाजविण्याचे कामही टाकले. त्यांनी योग्यच केले. कला टिकावी म्हणून माणसाने गुलाम राहावे, असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु कलेची आणि गुलामीची ही गाठ सोडविण्याचा एक उपाय आमच्या हाती होता, तो आम्ही केला नाही. बलुते हा मान नव्हता, आणि सुपारीतही तो पुरता येत नाही. हलगी वाजविणारा रंगमंचावर बसावा आणि ज्यांच्या आजोबांनी त्याच्या आजोबाला मांडवाबाहेर ठेवले ते खाली रांगेत तिकीट काढून बसावेत, हे दृश्य जेव्हा नित्याचे होईल, तेव्हाच हलगी टिकली पाहिजे असे म्हणण्यास आम्हांस तोंड राहील.

आता डॉल्बीचा विचार करू. २०२५ साली सोलापुरातील नागरिकांनी डीजेच्या उपद्रवाविरुद्ध जो आवाज उठविला तो सर्वस्वी उचित होता. कायद्याचे म्हणणे तर केव्हापासूनच स्पष्ट आहे. ध्वनिप्रदूषणासंबंधीच्या २००० सालच्या नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घालून दिली. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक नको, हा दंडक सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात कायम केला. सणासुदीसाठी वर्षातून फार तर १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते, एवढाच त्याला अपवाद. डेसिबलचे गणित साधे नसते, हे येथे सांगितले पाहिजे. दहा डेसिबल वाढले की ध्वनीची तीव्रता दहापट होते, वीस वाढले की शंभरपट. मर्यादेपेक्षा 'थोडेसे' जास्त, असे जे म्हटले जाते ते म्हाताऱ्याच्या छातीवर आणि तान्ह्या मुलाच्या कानावर किती पटींनी आदळते, हे यावरून समजावे.

तथापि बंदीने आवाज थांबतो, संगीत सुरू होत नाही, हे विसरून चालणार नाही. डॉल्बीच्या भिंती रस्त्यावरून गेल्या की बँडवाल्यांना चांगले दिवस येतील, असे मानणे म्हणजे तण उपटले की पीक आपोआप येईल असे मानण्यासारखे आहे. पेरणी करावी लागते. शिवाय डॉल्बी ही एकाएकी आकाशातून पडलेली नाही. मिरवणुकीत कोणी ऐकतच नसेल, तर पंधरा माणसांना मजुरी देण्यापेक्षा एक यंत्र भाड्याने आणलेले काय वाईट, असा हिशेब आयोजकाने केला, आणि सुपारीच्या नियमाने पाहता तो चुकीचा नव्हता. ज्याचे ऐकलेच जात नाही त्याची जागा यंत्राने घेतली, एवढेच घडले. याच जिल्ह्यातील करमाळा तालुक्याचे नागराज मंजुळे यांनी २०१६ साली 'सैराट' काढला. त्याच्या संगीताचा काही भाग अजय-अतुल यांनी अमेरिकेत, लॉस एंजेलिस येथे, मोठ्या वाद्यवृंदासह ध्वनिमुद्रित केला. आणि तीच गाणी पुढे करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत प्रत्येक वरातीत भिंतीएवढ्या कर्ण्यांतून वाजली. या यशाबद्दल आम्हांस अभिमानच आहे. पण आमच्या मातीची गोष्ट समुद्रापार जाऊन सूर घेऊन आली, आणि त्या सुरावर आमच्याच गावचा वादक घरी बसला, या विसंगतीकडे डोळेझाक कशी करावी?

पिकते तेथे विकत नाही, ही म्हण येथे कोणी पुढे करील. गावच्या पोरांना गाव ऐकत नाही, त्यांनी मुंबई-पुण्यास जावे, असा सल्ला आमच्याकडे नेहमीच दिला जातो. जगाचा अनुभव याच्या उलट आहे. इंग्लंडमधील लिव्हरपूल हे गोदी कामगारांचे, कारकुनांचे आणि उतरती कळा लागलेल्या व्यापाराचे शहर. तेथे एका गुदामाखालच्या तळघरात १९५७ साली 'कॅव्हर्न' नावाचा क्लब निघाला. कचेरीतील मुले-मुली दुपारच्या सुटीत अल्प प्रवेशमूल्य देऊन तेथे स्थानिक बँड ऐकावयास जात. १९६१ ते १९६३ या अवधीत त्याच तळघरात बीटल्स सुमारे २९० वेळा वाजले, आणि मग त्यांना जगाने ऐकले. आधी गावाने ऐकले, मग जगाने, हा क्रम महत्त्वाचा आहे. आपल्या देशातही अरुणाचल प्रदेशातील झिरो या दुर्गम खोऱ्यात, आपातानी लोकांच्या भातशेतीमध्ये बांबूचे मंच उभारून २०१२ सालापासून स्वतंत्र बँडांचा महोत्सव भरू लागला. तेथवर पोहोचणे कष्टाचे असूनही लोक तिकीट काढून गेले. आणि अगदी जवळचे उदाहरण हवे असेल, तर पंडित भीमसेन जोशी यांनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली पुण्यात सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव डोळ्यांसमोर आणावा. पुणेकरांचे कान जन्मतःच तयार होते असे नाही. दरवर्षी ठरल्या दिवसांत, ठरल्या जागी, तिकीट काढून बसण्याची सवय लागली, आणि त्या सवयीतून श्रोत्यांच्या पिढ्या घडल्या.

आमच्या जिल्ह्यात हे का होऊ नये? कलावंतांची वाण आहे असे कोणी म्हणू नये. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाच्या युवा महोत्सवात समूहगीते आणि लोकवाद्यवृंद यांच्या स्पर्धा होतात. चार दिवस मुले जिवाचे रान करून वाजवितात, पारितोषिक घेतात, आणि पाचव्या दिवसापासून त्यांना वाजविण्यास जागा नसते. त्यातच या शहराचे भाषिक वैभव. मराठीच्या जोडीला विणकरांची तेलुगू, लिंगायत घरांतील कन्नड आणि मोहल्ल्यांतील उर्दू, अशा चार भाषांची गाणी एका रात्री एका मंचावर ऐकावयास मिळतील, अशी शहरे महाराष्ट्रात किती आहेत?

पैशाचा प्रश्न निघेल, तर तोही मांडून पाहू. समजा, शंभर रुपयांचे तिकीट ठेवले आणि दोनशे श्रोते आले. वीस हजार रुपये जमले. जागा आणि ध्वनिव्यवस्था यांवर दहा हजार खर्च झाले, तर चार संचांना प्रत्येकी अडीच हजार मिळतील. पाच जणांच्या संचात माणशी पाचशे. ही रक्कम फार नाही, हे आम्ही मान्य करतो. परंतु श्रोते चारशे झाले, तर खर्च जवळजवळ तोच राहतो आणि वादकाचा वाटा पाचशेवरून दीड हजारावर जातो. श्रोते दुप्पट झाले की कलावंताचे उत्पन्न तिप्पट होते, हा तिकिटाचा हिशेब सुपारीत कधीही बसणार नाही. करांचीही सबब पुढे करता येत नाही. संगीताच्या कार्यक्रमाच्या प्रवेशमूल्यावर वस्तू व सेवा करातून असलेली सूट २०१८ साली माणशी २५० रुपयांवरून ५०० रुपयांपर्यंत वाढविण्यात आली, ती अशाच लहान कार्यक्रमांच्या उपयोगी पडणारी आहे. वेळेचे बंधनही अडचणीचे नाही. सायंकाळी सात वाजता आरंभ करून दहाच्या आत समाप्ती केली, तर कायदाही पाळला जातो आणि सकाळच्या पाळीला जाणारा कामगारही निर्धास्तपणे येऊ शकतो.

या कामी शासनाच्या तोंडाकडे पाहण्याची गरज आहे असे आम्हांस वाटत नाही. सोलापुरात हुतात्मा स्मृती मंदिर आहे, निर्मलकुमार फडकुले सभागृह आहे. तालुक्याच्या गावी महाविद्यालयांची सभागृहे आहेत. श्रीपूरसारख्या कारखान्याच्या गावी मोकळ्या जागेला तोटा नसतो. महानगरपालिका, नगरपंचायती आणि शिक्षणसंस्था यांनी महिन्यातील एक सायंकाळ अल्प भाड्याने या कामासाठी राखून ठेवावी, एवढेच मागणे आहे. नियमही थोडके असावेत. महिन्याचा वार आणि जागा बदलू नये; कारण श्रोत्यांची सवय ठरल्या दिवसावर जडते. एका रात्री जुने आणि नवे असे दोन्ही संच असावेत. हलगी ऐकावयास आलेल्याने गिटार ऐकावी, आणि गिटार ऐकावयास आलेल्याने हलगी. वाजवावयाचे ते स्वतःचे किंवा परंपरेतले असावे. चित्रपटगीतांची नक्कल करावयास ऑर्केस्ट्रे आहेतच. आणि सर्वांत महत्त्वाचा नियम असा की, मानाचे पास कोणालाही असू नयेत. पुढाऱ्याने तिकीट काढावे, अधिकाऱ्याने काढावे, आणि वर्तमानपत्राच्या संपादकानेही काढावे. फुकट आलेला मनुष्य उशिरा येतो, मध्येच उठून जातो आणि बाहेर जाऊन नावे ठेवतो, हा सर्वांचा अनुभव आहे.

राहता राहिला दर्जाचा प्रश्न. स्थानिक बँड कच्चे वाजवितात, बेसूर गातात, शब्दांत दम नसतो, हा आक्षेप आम्ही खोटा म्हणणार नाही. काही संच कच्चे असतीलच. परंतु कच्च्याचे पक्के होते ते श्रोत्यांपुढे. बंद खोलीत हजार वेळा वाजवून जे कळत नाही, ते समोर बसलेल्या शंभर माणसांतील दहा जणांनी कंटाळून पाय हलविले की एका क्षणात कळते. यंत्राच्या पडद्यावर चित्रफीत पाहणारा न आवडल्यास बोटाने ती बाजूस सारतो, आणि ती का आवडली नाही हे वादकास कधीच समजत नाही. समोर बसलेला श्रोता हा कलावंताचा खरा शिक्षक असतो, हे आयुष्याची काही वर्षे खडू हाती धरून वर्गापुढे उभे राहिलेला कोणीही सांगू शकेल.

आमचा सुशिक्षित मध्यमवर्ग नाटकाला जातो, व्याख्यानमालेला जातो, दिवाळी अंक विकत घेतो. त्या त्या कलेला त्याने आपल्या पैशाने आणि उपस्थितीने जगविले आहे. आपल्या जिल्ह्यातील वादकांना मात्र तो लग्नाच्या यादीत, आचारी आणि मांडववाला यांच्यामध्ये कोठेतरी लिहितो. ती यादी बदलली पाहिजे. गाव करी ते राव न करी, असे आपल्याकडे म्हणतात. आणि गावाने करावयाचे म्हणजे येथे काही मोठा यज्ञ करावयाचा नाही. महिन्यातील एक सायंकाळ, शंभराची एक नोट आणि दोन उघडे कान एवढे पुरे आहे. सुपारी देणारे हात या जिल्ह्यात पुष्कळ आहेत आणि पुढेही राहतील. आज उणीव आहे ती तिकिटाच्या खिडकीपुढे मुलाबाळांसह रांगेत उभे राहणाऱ्यांची, आणि ती भरून काढणे सर्वस्वी आपल्या हाती आहे.